जलद आयुष्य जगणारे मासे धीट असतात का?

प्रश्न असा आहे: काही मासे झपाट्यानं वाढतात, लवकर वयात येतात, भराभर पिल्लं घालतात आणि लवकर मरतात, काही मासे हे सगळं संथपणे करतात. आयुष्याच्या या गतीबरोबर त्यांची वागणूकही उत्क्रांत होते का? धीटपणा, भांडखोरपणा, थव्यात राहण्याची ओढ हे सगळं गतीशी बांधलेलं असतं का? आणि असेल तर ते पडताळायचं कसं?

थोडक्यात सांगायचं तर, होय. दोन्ही बरोबरीनं बदलतात आणि एखाद्या अभ्यासकाच्या हयातीत मोजता येतील इतक्या वेगानं बदलतात. पण 'जलद आयुष्य म्हणजे धीट मासा, संथ आयुष्य म्हणजे भित्रा मासा' हे समीकरण जसंच्या तसं धरून चाललात तर फसाल. मासा कोणत्या वयात मरतो, कशानं मरतो आणि ते मरण वागणुकीनं टाळता येतं का, हे आधी विचारा. त्याचं उत्तर हाती आलं की वागणूक कोणत्या दिशेला जाईल याचा अंदाज बांधता येतो. नुसत्या गतीवरून बांधलेला अंदाज बऱ्याचदा उलटा पडतो.

माशांमधल्या गतीचा पल्ला अफाट आहे. प्रवाळखडकांवरचा एव्हिओटा सिजिलाटा हा इवलासा गोबी जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो, आणि त्यातले पहिले तीनेक आठवडे तर खुल्या समुद्रात अळीरूपातच जातात. आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांमधला नोथोब्रँकियस फुर्झेरी हा किलिफिश अंड्यातून बाहेर आल्यावर १४ दिवसांत वयात येऊ शकतो. डबकं आटलं की मोठे मासे मरतात आणि अंडी सुक्या मातीत पुढच्या पावसाची वाट पाहतात. दुसऱ्या टोकाला रफआय रॉकफिश २०० वर्षांपर्यंत जगतो, आणि ग्रीनलंड शार्कचं आयुष्य किमान २७२ वर्षं असल्याचा अंदाज २०१६ मध्ये डोळ्याच्या भिंगातल्या कार्बनवरून बांधला गेला.

ही टोकं ऐकायला छान वाटतात, पण वागणुकीबद्दल त्यांच्यापासून फार काही शिकता येत नाही. गोबी आणि शार्क यांच्यात आकार, पाण्याचं तापमान, आहार, वंशावळ असं सगळंच वेगळं आहे. त्यामुळे कोणता फरक गतीमुळे आणि कोणता इतर कशामुळे, हे वेगळं काढता येत नाही. खरी कसोटी एकाच जातीच्या वेगवेगळ्या समूहांमध्ये लागते, आणि तिथे गप्पी माशाइतका चांगला नमुना दुसरा नाही.

त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेतल्या नद्यांमध्ये धबधबे आहेत. धबधब्याखाली पाइक सिक्लिडसारखे मोठे भक्षक असतात आणि ते पूर्ण वाढलेले गप्पीही खातात. धबधब्याच्या वर हे भक्षक पोहोचू शकत नाहीत. तिथे असतो तो रिव्ह्युलस हा लहान किलिफिश, आणि तो गप्पी खाल्लेच तर बहुधा लहान पिल्लं खातो. खालचे गप्पी लवकर आणि लहान आकारात वयात येतात, एका वेळी जास्त पण लहान पिल्लं घालतात आणि शरीरातल्या ऊर्जेचा मोठा वाटा पिल्लांवर खर्च करतात. वरचे गप्पी उशिरा वयात येतात आणि थोडी पण मोठी पिल्लं घालतात. कारण सरळ आहे. मोठेपणी जगण्याची शाश्वती नसेल तर वाट पाहण्यात तोटा असतो.

हा फरक भक्षणामुळेच पडतो हे प्रयोगानं दाखवलेलं आहे. १९७६ मध्ये अरिपो नदीतल्या भक्षकबहुल भागातले गप्पी उचलून तिच्याच एका उपनदीत सोडले गेले. तिथे आधी गप्पी नव्हते, फक्त रिव्ह्युलस होता. ११ वर्षांनी, म्हणजे गप्पींच्या साधारण ३० ते ६० पिढ्यांनंतर, त्यांचे वंशज प्रयोगशाळेत एकसारख्या परिस्थितीत वाढवून पाहिले तर ते उशिरा वयात येत होते आणि त्यांची पिल्लं संख्येनं कमी, आकारानं मोठी होती. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी हे १९९० मध्ये प्रसिद्ध केलं.

आता वागणूक. भक्षकबहुल पाण्यातले गप्पी घट्ट थव्यात पोहतात. भक्षक दिसला तर त्याची 'पाहणी' करायला जातात, पण मोठ्या गटानं, जास्त अंतर राखून आणि त्याच्या तोंडासमोरची जागा टाळून. हल्ला झाला तर त्यांची झेप जास्त वेगवान असते आणि ते जास्त वेळा वाचतात. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, भक्षक कधीही न पाहिलेल्या पिढीतही ही पळण्याची क्षमता टिकलेली दिसते, म्हणजे ती केवळ शिकलेली नाही. उलट, भक्षक नसलेल्या पाण्यात सोडलेल्या समूहांमध्ये ती लवकर घटते. थव्याचंही तसंच. १९५७ मध्ये कॅरिल हॅस्किन्स यांनी अरिमा नदीतले २०० गप्पी टुरुरे नदीच्या गप्पी नसलेल्या वरच्या भागात सोडले होते. ते पुढे प्रवाहाबरोबर खाली भक्षकांच्या भागात पसरले. त्यांच्या वंशजांची थवा करण्याची आणि सावध राहण्याची प्रवृत्ती भक्षकांच्या प्रमाणाप्रमाणे बदलल्याचं अॅन मॅगुरान यांच्या गटाला १९९२ मध्ये आढळलं.

याला 'धीट' म्हणायचं की 'भित्रं'? थवा करणं आणि भक्षकाच्या तोंडापासून लांब राहणं म्हणजे सावधपणा. पण अनोळखी जागेत लपणीतून कोण आधी बाहेर येतं, हे पनामातल्या ब्रॅकिराफिस एपिस्कोपी या गप्पीच्या नात्यातल्या माशात मोजलं तर भक्षकबहुल ओढ्यातले मासे लवकर बाहेर आले. म्हणजे जलद आयुष्याच्या बाजूचे मासे एका कसोटीत सावध, दुसरीत धीट. यात विसंगती नाही. भक्षक कायमचाच असेल तर कायमचं लपून चालत नाही, कारण खाणं आणि जुगणं थांबतं. म्हणून निवड अशा माशाची होते जो लवकर बाहेर पडतो, पण धोका समोर आला की नेमकं वागतो. धीटपणा ही एक वस्तू मानून तिचा एकच आकडा काढणं ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

गती आणि वागणूक बांधल्या जातात त्या मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वर आलीच: एकच भक्षक दोन्हींवर स्वतंत्रपणे निवड करतो. यात शरीराच्या आत दोन्हींना जोडणारा धागा असायलाच हवा असं नाही.

दुसरी वाट वाढीची, आणि माझ्या मते माशांमध्ये ती सर्वांत जास्त काम करते. मासे आयुष्यभर वाढतात, आणि मादीच्या आकाराबरोबर अंडी वाढतात. भराभर वाढायचं तर भरपूर खावं लागतं, आणि भरपूर खायचं तर उघड्यावर यावं लागतं. अटलांटिक सिल्व्हरसाइड हा मासा याचं उत्तम उदाहरण आहे. कॅनडातल्या थंड नोव्हा स्कोशियाकडचे समूह छोट्या उन्हाळ्यात वाढ उरकतात. समान तापमानात ठेवले तरी ते दक्षिण कॅरोलायनाच्या माशांपेक्षा जलद वाढतात. पण त्यांची पोहण्याची क्षमता कमी असते, पोट भरलेलं असताना ती आणखी घसरते, आणि भक्षकासमोर ते जास्त बळी पडतात. वाढीच्या संप्रेरकाचे प्रयोगही हेच सांगतात: ट्राउटला ते दिलं तर भूक वाढते आणि धोक्याच्या जागी जाऊन खाण्याची तयारीही वाढते. मत्स्यपालनात पिढ्यान् पिढ्या फक्त वाढीसाठी निवडलेले ट्राउट आणि सॅमन सावधपणात कमी पडतात ते यामुळेच. त्यांचा सावधपणा कमी करावा असं कुणी ठरवलेलं नसतं. जास्त वाढणारा निवडला की तो आपोआप कमी होतो.

चयापचयही याच वाटेवर येतो. एकसारख्या परिस्थितीत वाढवलेल्या गप्पींमध्ये भक्षकबहुल पाण्यातल्या समूहांचा चयापचयाचा दर जास्त असतो, आणि कमी भक्षकांच्या पाण्यात सोडलेल्या समूहांत तो काही वर्षांतच गतीबरोबर खाली येतो, हे सोन्या ऑअर यांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं. इथे एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नका. धबधब्याच्या वर भक्षक कमी म्हणून गप्पींची गर्दी जास्त, आणि गर्दी जास्त म्हणून अन्न कमी. भक्षकबहुल पाण्यातले गप्पी निवडून कीटकांच्या अळ्यांसारखं सकस खातात. वरचे शेवाळ आणि कुजका गाळही खातात. त्यामुळे वरच्या भागातली संथ गती ही नुसती 'भक्षक नाहीत' याची देणगी नसून बरीचशी उपासमारीची देणगी असते. खाण्याची वागणूक समजून घेतली नाही तर हा भाग हातातून निसटतो.

तिसरी वाट हिशोबाची. ज्याच्यापुढे पिल्लं घालण्याची बरीच वर्षं शिल्लक आहेत त्यानं आज जीव धोक्यात घालणं परवडत नाही. ज्याचं जे काही आहे ते याच हंगामात आहे, त्याला परवडतं. मॅक्स वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये गणिती प्रारूपानं दाखवलं की या हिशोबातून एकाच समूहात धीट आणि सावध असे दोन्ही स्वभाव टिकू शकतात. त्यावरची टीकाही रास्त आहे: धोका पत्करणाऱ्याला फळ मिळालं की त्याच्याकडेही जपण्यासारखं काही येतं, मग तो सावध होतो, आणि फरक पुसला जातो. फरक टिकायला उलट दिशेचा फेरा लागतो, उदाहरणार्थ मोठा झालेला मासा भक्षकाच्या तोंडात मावत नाही म्हणून धीट राहणं त्याला आणखी स्वस्त पडतं. एखाद्या जातीवर हा सिद्धान्त लावताना यातला कोणता फेरा तिथे चालतो हे सांगता आलं पाहिजे.

गती आणि वागणूक सर्वांत घट्ट कुठे बांधलेल्या दिसतात? नरांच्या पर्यायी डावपेचांमध्ये. ब्लूगिल सनफिशचे काही नर सुमारे सात वर्षांचे झाल्यावर वयात येतात, घरटं खणतात, अंड्यांची राखण करतात. दुसरे नर दोन वर्षांचे असतानाच वयात येतात. घरटं बांधत नाहीत, दुसऱ्याच्या घरट्यात चोरून शुक्रजल सोडतात, आणि वाढल्यावर माद्यांसारखं रूप घेऊन आत शिरतात. कोहो सॅमनमध्येही तीन वर्षांचे झुंजणारे नर आणि दोन वर्षांचे चोरटे नर असतात. झिफोफोरस नायग्रेन्सिस या स्वोर्डटेलमध्ये तर हा सांधा जनुकापर्यंत सापडला आहे. वयात येण्याची वेळ एमसी-४-आर या जनुकाच्या प्रतींच्या संख्येवर ठरते, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. लवकर वयात येणारे लहान नर मादीचा पाठलाग करतात, उशिरा येणारे मोठे नर तिच्यासमोर प्रदर्शन करतात. वयात येण्याची वेळ बदलली की वागणूक बरोबर बदलते, इतका तो थेट संबंध आहे.

मग सगळ्या जातींमध्ये, प्रत्येक माशागणिक हा संबंध दिसतो का? नाही. २०१८ मध्ये राफाएल रोयोते आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा 'जलद तो धीट' या सर्वसाधारण नियमाला फारसा आधार मिळाला नाही. याची दोन कारणं मला पटतात. एक म्हणजे समूहांमधला फरक आणि एकाच समूहातल्या माशांमधला फरक ही वेगवेगळी पातळी आहे. एकीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही. दुसरं, एका समूहात काही मासे मुळातच चांगलं अन्न मिळवतात आणि त्यांची वाढही चांगली, आयुष्यही चांगलं. त्यामुळे 'हे मिळवायचं तर ते सोडावं लागतं' हा व्यवहार झाकला जातो. स्टिकलबॅक या लहान काटेरी माशात धीटपणा आणि भांडखोरपणा काही समूहांत जोडलेले असतात, काहींत नसतात. अॅलिसन बेल आणि अँड्रू सी यांनी २००७ मध्ये दाखवलं की असे न जोडलेले मासे खऱ्या ट्राउटसमोर ठेवले तर वाचलेल्यांमध्ये ती जोडणी तयार होते; काही अंशी निवडीमुळे, काही अंशी अनुभवानं वागणूक बदलल्यामुळे. पुन्हा तेच: मरण कुठून येतं ते पाहा.

म्हातारपणाबद्दलही असाच धडा आहे. भक्षकबहुल पाण्यातले गप्पी लवकर म्हातारे होतील असा अंदाज होता. प्रयोगशाळेत सुरक्षित ठेवल्यावर ते उलट जास्त काळ प्रजनन करत राहिले आणि त्यांचं आयुष्यही लांबलं. मात्र झेप घेण्याची क्षमता त्यांच्यात वयाबरोबर जास्त वेगानं घसरली. शरीराचे सगळे भाग एका घड्याळावर चालत नाहीत.

आता पडताळणीकडे. हे काम हाती घेणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून सांभाळायच्या गोष्टी अशा.

दोन ओढ्यांची तुलना करून काहीही सिद्ध होत नाही, कारण दोन ओढे शंभर बाबतींत वेगळे असतात. वेगवेगळ्या नदीखोऱ्यांतल्या निदान तीन-चार जोड्या घ्या, प्रत्येक जोडीत एक भक्षकबहुल आणि एक भक्षक कमी असलेली जागा. पकडताना सापळा वापरू नका. त्यात धीट मासेच आपणहून शिरतात आणि नमुना सुरुवातीलाच तिरका होतो. ओढजाळ्यानं किंवा हातजाळीनं, लपणीच्या जागांसकट पूर्ण डोह काढा.

रानातले मासे थेट मोजून आनुवंशिक फरकाबद्दल बोलू नका. दोन पिढ्या प्रयोगशाळेत वाढवा, म्हणजे आईच्या आहाराचा आणि अनुभवाचा परिणाम बराचसा निघून जातो. गप्पीच्या बाबतीत एक अडचण ठरलेली: मादी अनेक महिने शुक्रजंतू साठवते, त्यामुळे रानातून आणलेली मादी एकटी ठेवली तरी पिल्लं घालते आणि त्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात. नातं नक्की हवं असेल तर प्रयोगशाळेत जन्मलेल्या, वयात येण्यापूर्वीच वेगळ्या केलेल्या माद्याच वापरा. नराचं वयात येणं ठरवायला त्याचा प्रजननपर, म्हणजे मिलनासाठी रूप बदललेला पोटाखालचा पर, पाहा. त्यावरची मऊ टोपी टोकापर्यंत पोहोचली की तो वयात आला. मादीसाठी पहिल्या पिल्लांच्या तारखेतून सुमारे २५ दिवस वजा करा.

खाणं मोजून द्या, आणि भरपूर व तुटपुंजं अशा दोन पातळ्यांवर. एकाच पातळीवर मिळालेला फरक दुसरीवर नाहीसा होऊ शकतो. तापमानाबद्दल काटेकोर राहा: प्रवाळखडकांवरच्या माशांमध्ये तीन अंश सेल्सिअसपेक्षाही कमी चढउतारानं धीटपणा आणि भांडखोरपणा बदलल्याचं पीटर बिरो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं आहे. सकाळी मोजलेला मासा आणि दुपारी मोजलेला मासा यांची तुलना तेवढ्यानंच बिघडते.

वागणुकीच्या कसोट्या एकापेक्षा जास्त ठेवा: लपणीतून बाहेर यायला लागणारा वेळ, भक्षकाच्या प्रतिकृतीपासून राखलेलं अंतर, थव्याजवळ घालवलेला वेळ, धोक्याची चाहूल असताना खाल्लेले घास. भक्षकबहुल समूहातला मासा एकटा ठेवला की थवा तुटल्यामुळे बावरतो, आणि तो 'भित्रा' म्हणून नोंदला जातो. म्हणून तीच कसोटी सोबत्यांसहही घ्या. भुकेचंही तसंच; पोटभर आणि २४ तास उपाशी अशा दोन्ही अवस्थांत मोजलं तर धीटपणा आणि भूक वेगळी करता येतात. बाहेर न आलेल्या माशाला ठरलेल्या वेळेचा शेवटचा आकडा देऊन मोकळं होऊ नका. अशा अपूर्ण नोंदींसाठी उत्तरजीविता विश्लेषण, म्हणजे घटना घडायला लागणारा वेळ अभ्यासणारी सांख्यिकी पद्धत, वापरा.

प्रत्येक मासा निदान चार वेळा, आठवड्याच्या अंतरानं मोजा. प्राण्यांच्या वागणुकीची पुनरावृत्तिक्षमता, म्हणजे एकूण फरकातला प्राण्याप्राण्यांमधल्या टिकाऊ फरकाचा वाटा, सरासरी ०.३७ च्या आसपास असते; म्हणजे एकदाच मोजलेल्या आकड्यात त्या माशाच्या स्वभावापेक्षा त्या दिवसाचाच भाग मोठा असतो. गती आणि वागणूक यांचा माशागणिक संबंध काढायचा असेल तर शंभरेक मासे तरी लागतील, आणि विश्लेषणात माशांमधला फरक व माशाच्या आतला चढउतार वेगळा करणारं बहुचल मिश्र प्रारूप लागेल. आकार हिशोबात धरताना जपून: लहान आकारात वयात येणं हाच गतीचा भाग आहे, त्यामुळे आकार 'काढून टाकला' तर मोजायची गोष्टच निघून जाते. आकारासह आणि आकाराविना, दोन्ही उत्तरं द्या. आणि उरलेल्या फरकाला लगेच जनुकीय म्हणू नका. अॅमेझॉन मॉली ही फक्त माद्या असलेली क्लोन जात जवळजवळ सारख्या परिस्थितीत एकेकटी वाढवली तरी प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा घडतो, हे २०१७ मध्ये दिसलं आहे.

या सगळ्याचा सर्वांत निकडीचा उपयोग मासेमारीत आहे, कारण मासेमारी हाही एक भक्षकच, आणि तो मोठ्या माशांना आधी उचलतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरकडच्या कॉड माशात १९९२ च्या मासेमारीबंदीपूर्वीच वयात येण्याचं वय आणि आकार घसरू लागला होता. सिल्व्हरसाइडवर डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी चार पिढ्या प्रयोग केला. प्रत्येक पिढीत ९० टक्के मासे काढले. जिथे मोठे मासे काढले तिथे वाढ मंदावली, आणि पुढच्या तपासणीत खाण्याचं प्रमाण आणि धोक्यात खाण्याची तयारीही कमी झालेली आढळली.

दुसरीकडे, गिलनेट (माशाचे कल्ले अडकतील असं उभं लावलेलं जाळं), गळ आणि सापळा ही साधनं हलत नाहीत. मासा त्यांच्याकडे येतो. ब्रिटिश कोलंबियातल्या तळ्यांत सोडलेल्या ट्राउटपैकी जलद वाढणारे, धीट मासे गिलनेटमध्ये संथ माशांच्या तिप्पट दरानं सापडले, आणि ते आकारामुळे नव्हतं. इलिनॉयमध्ये लार्जमाउथ बास गळाला लागण्याच्या प्रवृत्तीनुसार पिढ्यान् पिढ्या निवडले गेले तेव्हा ही प्रवृत्ती आनुवंशिक निघाली, वारसाक्षमता (फरकातला आनुवंशिक वाटा) सुमारे ०.१५. सहज गळाला लागणारे नर पिल्लांची राखणही जास्त जोमानं करत होते. म्हणजे मासेमारी एका बाजूनं लवकर वयात येणारे मासे निवडते आणि दुसऱ्या बाजूनं भित्रे मासे निवडते. जलद आणि भित्रा! ठरावीक समीकरणाच्या नेमकं विरुद्ध जाणारी ही जोडी आहे. भक्षकाची पद्धत पाहिली तर मात्र ती अगदी अपेक्षित आहे.

व्यवस्थापन करणाऱ्यांसाठी यातून थेट काम निघतं. भित्रे मासे उरले की गळ-सापळ्यांना लागणारी मासळी प्रत्यक्ष साठ्यापेक्षा जास्त वेगानं घटते, त्यामुळे फक्त पकडीच्या आकड्यांवरून साठा मोजला तर अंदाज चुकतो. ध्वनिलहरींनी केलेलं सर्वेक्षण, पाण्याखालची मोजणी किंवा ओढजाळ्याचा नमुना जोडीला हवा. आकाराच्या किमान आणि कमाल मर्यादेनं लवकर वयात येण्याचा दाब कमी करता येतो, पण वागणुकीवरचा दाब तिनं हटत नाही; कारण मर्यादेत बसणाऱ्या माशांमधूनही साधन धिटालाच वेचतं. तो कमी करायचा तर साधनं आलटूनपालटून वापरावी लागतात, घरट्याची राखण चालू असलेल्या हंगामात गळ बंद ठेवावा लागतो, आणि काही पाणी कायमचं मासेमारीमुक्त ठेवावं लागतं. ते पाणी निवडताना धीट मासे जितकं फिरतात तितकं क्षेत्र त्यात मावतं का, हे खुणा लावलेल्या माशांवरून आधी तपासून घ्यावं. क्षेत्र अपुरं असेल तर सर्वांत जास्त फिरणारेच हद्दीबाहेर पकडले जातात, आणि आतही हळूहळू भित्रेच उरतात.